बाळांचे फोटो दहानंतर

गाडीत बसल्यावर डेल्फीनने पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि विचारलं, "आज कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, आत्या," जोआन म्हणाली. "आपल्या ब्रिजेटने जुन्या कारखान्यात प्रदर्शनाचा मोठा फोटो लावलाय. तो बघायला चाललोय आपण."

"मग एवढा हॅम कशाला?"

मागच्या सीटवर फॉइलने झाकलेला हॅमचा ट्रे होता आणि त्याच्याशेजारी चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचा. आमच्या लँडिंग गावात हे दोन ट्रे एकत्र निघाले की समजायचं, चर्चच्या तळघरात मयताच्या जेवणाला खुर्च्या मांडल्या गेल्या आहेत आणि कुणाचं तरी नाव पेपरात आलं आहे. त्यामुळे आत्याचा प्रश्न शहाणपणाचा होता की विसराळूपणाचा, हे जोआनला काही ठरवता येईना. गेलं वर्षभर तिचं हे असंच चाललं होतं. आत्याची प्रत्येक गोष्ट ती दोन तराजूंत घालून बघायची आणि दोन्ही काटे वेगळं वजन दाखवायचे.

जोआन शाळेत नर्स होती. खोटा ताप आणि खरा ताप तिला दारातून ओळखता यायचा. पण अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या डेल आत्याच्या बाबतीत तिची विद्या चालत नव्हती. घरच्या जुन्या थीलन फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर आत्या एकटी राहायची, अंधाऱ्या जिन्यावरून दिवसातून चारदा वरखाली करायची. दोनदा शेगडी चालू राहिली होती. एकदा रविवार समजून शनिवारी चर्चच्या बंद दारासमोर ती तासभर उभी होती. हे सगळं म्हातारपणात होतं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मनोऱ्याचं काय करायचं?

आमच्या गावाला बटणांनी जन्म दिला. नदीतले शिंपले काढायचे, त्यांतून बटणं कापायची, पुठ्ठ्यांवर शिवून जगभर पाठवायची. अजून गल्लीत कुठेही उकरा, भोकं पडलेले शिंपले निघतात. त्या कारखान्याच्या एका टोकाला भोंग्याचा मनोरा होता. तो वादळात पडला त्याला आता पाऊणशे वर्षं झाली. पण पडला म्हणून गेला असं थोडंच आहे? बॅंकेच्या कॅलेंडरवर तो होता, शाळेच्या टोपीवर होता, पोलिसांच्या गाडीच्या दारावर होता. आणि हे सगळे मनोरे आले होते एका फोटोतून. डेल्फीनचे वडील निक थीलन यांनी गोठलेल्या नदीवर कॅमेऱ्याची तिपाई उभी करून काढलेला फोटो. समोर ओळीने उभे कामगार, मागे लांबलचक कारखाना आणि त्याच्या उजव्या टोकाला, म्हणजे नदी जिकडून येते त्या वरच्या अंगाला, मनोरा.

आता तो मनोरा पुन्हा बांधायचा होता. डेल्फीनचा धाकटा भाऊ मार्विन, म्हणजे जोआनचे वडील, सहा वर्षं त्याच्या मागे होते. हिवाळ्यातल्या सभेत त्यांनी नकाशा दाखवला, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून डेल्फीन उठून म्हणाली, "मार्विन, तू तो चुकीच्या टोकाला बांधतोयस. मनोरा खालच्या अंगाला होता."

कुणीतरी हसलं. मार्विनची मान खाली गेली. त्यांनी मग गावातल्या आणखी तीन म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. तिघांनी वरच्या अंगालाच सांगितलं. तिघांच्याही स्वयंपाकघरात तेच कॅलेंडर होतं, ही गोष्ट वेगळी.

ईस्टरच्या जेवणात जोआनने टेकडीवरच्या वृद्धाश्रमाचा विषय काढला, तेव्हा आत्या चिडली नाही. काटा खाली ठेवून म्हणाली, "मनोरा वरच्या अंगाला होता हे मला पटवून द्या, मी माझी बॅग स्वतः भरते. एवढा मोठा मनोरा जर माझ्या डोक्यात चुकीच्या जागी उभा असेल, तर मग शेगडीचं काय घेऊन बसलात."

आश्रमातली नदीकडची एक खोली मोकळी झाली होती. मंगळवारपर्यंत ती धरून ठेवतो, असं त्यांनी जोआनला सांगितलं होतं. आणि उद्या, सोमवारी, सकाळी सात वाजता मनोऱ्याच्या पायाचं काँक्रीट पडणार होतं. तेव्हा आज आत्याला त्या भिंतीएवढ्या फोटोसमोर उभं करायचं, हॅम खायचा आणि विषय संपवायचा, असं जोआनने ठरवलं होतं. ठरवताना ते दयाळूपणाचं वाटलं होतं. आता गाडी चालवताना तिला मांजर पोत्यात घालून नेल्यासारखं वाटत होतं.

"जरा लवकर निघालो आपण," ती उगाच म्हणाली.

"बाळं दहानंतर," आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

हे आमच्या थीलनांचं घरातलं बोलणं. स्टुडिओच्या काचेवर निक थीलन यांनी रंगवून घेतलेली पाटी होती, बाळांचे फोटो सकाळी दहानंतर. स्टुडिओ बंद होईपर्यंत ती तशीच होती. त्यामुळे घरात कुणी फार लवकर उठवलं, फार लवकर फोन केला, फार लवकर घाई केली, की उत्तर ठरलेलं. बाळांची पोटं दहापर्यंत भरलेली असतात म्हणून, असं जोआनची आई सांगायची. जोआनने कधी विचारच केला नव्हता.

*

ब्रिजेट सकाळपासून शिडीवर होती. जोआनची ही मुलगी घराण्यातली चौथी फोटोवाली. मधल्या काळात स्टुडिओ सांभाळणाऱ्या थीलनांनी लग्नं आणि शाळेचे वर्ग टिपून पोट भरलं. ही मात्र आजच्या काळात लाकडी डब्यासारखा मोठा कॅमेरा आणि काळं कापड घेऊन धान्याच्या कोठारासमोर अर्धा दिवस उभी राहते. सबंध दिवसात एक फोटो. गावाला वाटतं, पोरगी हुशार आहे पण डोक्याने जरा सैल आहे. शिकागोच्या एका गॅलरीने तिच्या दोन प्रिंट विकत घेतल्यापासून गाव म्हणतं, पोरगी हुशार आहे.

प्रदर्शनाची कल्पना साधी होती. पणजोबा निकने जिथे जिथे तिपाई ठेवली, तिथेच ब्रिजेटने आपली ठेवायची. त्यांचं कोर्ट, तिचं कोर्ट. त्यांचा फेरीघाट, तिचा फेरीघाट. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी, आणि मधली शंभरेक वर्षं बघणाऱ्याने भरायची.

सगळ्या जोड्या जमल्या. फक्त बर्फावरची जमली नाही. फेब्रुवारीत नदी गोठली तेव्हा ती तीन रविवार बर्फावर गेली. कारखाना तोच, दोन्ही टोकं अजून उभी. मागचा डोंगरकडा जुन्या फोटोत धुक्यात पुसट दिसतो, पण त्याची एक खोगीरासारखी खाच कळते. ती खाच काही केल्या जागेवर येईना. ती पन्नास पावलं वर गेली, शंभर खाली आली, भिंग बदललं. शेवटी थंडीने बोटं बधिर झाली तेव्हा तिने मान्य केलं, की आपल्यालाच जमत नाही. पणजोबांना फोटोच्या पुठ्ठ्यावर अक्षरं छापून घ्यायची सवय होती. स्टुडिओच्या नावाखाली लिहिलं होतं, फोटो खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलणार? तीच.

म्हणून तिने आपला बर्फावरचा फोटो प्रदर्शनातून काढला आणि त्या भिंतीवर फक्त पणजोबांचा लावला, जमिनीपासून छतापर्यंत. फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, नव्हतीच. युद्धाच्या काळात निक थीलन यांनी जुन्या काचा धुऊन एका माळ्याला रोपांवर झाकायला विकल्या होत्या. लँडिंगचा सगळा इतिहास टोमॅटोच्या रोपांवर ऊन गाळत संपला. तेव्हा ब्रिजेटने आजोबांकडची जुनी, चांगली छापलेली प्रत घेतली आणि ती मोठी केली.

आता खाली उतरून ती मागे सरकली. माणसं जवळजवळ तिच्याएवढी झाली होती. आयुष्यभर नखाएवढे बघितलेले चेहरे एकदम डोळ्यांत डोळे घालून बघायला लागले, आणि तिला कारण नसताना अस्वस्थ वाटलं. काहीतरी जुळत नव्हतं. फ्रेम सरळ होती. तिने पातळीची पट्टी लावून दोनदा बघितली.

*

मार्विन थीलन पाव, लोणच्याची बरणी आणि रुबार्बची गोड, भाजलेली पाई घेऊन आले. लाकूडकाम शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता शहात्तराव्या वर्षी गावाने त्यांना मनोऱ्याचे मार्विन करून टाकलं होतं, आणि त्यांना ते आवडत होतं. बायको गेल्यावर घरात बसून वेडं होता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी मनोरा घेतला. वर्गणीसाठी शनिवारी पॅनकेकची न्याहारी, टी-शर्टची विक्री, राजधानीत जाऊन आमदारांपुढे टोपी काढणं. वास्तुविशारद येऊन गेला तेव्हा एक गंमत निघाली होती. कारखान्याच्या दोन्ही टोकांना मनोऱ्याचा जाड पाया होता. जुन्या मालकाने दोन मनोऱ्यांची स्वप्नं बघितली आणि एकावर भागवलं. म्हणजे भिंतींना विचारून काही उपयोग नव्हता. फोटो होता म्हणून बरं.

डेल्फीन फोटोसमोरच्या खुर्चीत बसली होती. जोआनने पाठीमागून तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. मार्विननी ओळखलं, आता सुरू होणार.

"आत्या, बघ बरं," जोआन म्हणाली. "मनोरा कुठल्या टोकाला दिसतोय?"

"वरच्या."

"मग?"

डेल्फीन खुर्चीत पुढे वाकली. "मला माहितीय गं फोटोत कुठे आहे. मी काय कॅलेंडर बघितलं नाही? पण डोळे मिटले की तो तिकडे असतो." तिने डावीकडे बोट केलं. मग ते बोट तिचं तिलाच नकोसं झालं आणि तिने हात मांडीवर घेतला. "का ते विचारू नकोस. मला सांगता येत नाही. तुझंच खरं असेल."

मार्विनना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिचा आवाज ऐकून त्यांना तिच्याकडे बघवेना, म्हणून ते फोटोकडे बघायला लागले. ओळीत मधोमध मथायस काका उभे होते, वडिलांचे थोरले भाऊ. जाड लोकरीचा कोट, वरपासून खालपर्यंत बटणं लावलेली. मार्विन जवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवला. मग शेजारच्या माणसाचा कोट बघितला. मग त्याच्या शेजारच्याचा.

आमच्या गावात पोरं माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी बटणं. मार्विन सात वर्षांचे असताना घरात नवा कोट घ्यायची ऐपत नव्हती. डेल्फीनचा लहानपणीचा कोट कापून बेतून त्यांना घातला. शाळेच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत पोरांनी बघितलं, की बटणं डाव्या बाजूला आहेत. बायकांची बाजू. दिवसभर त्यांना मार्विना म्हणून हाक मारली. घरी येऊन ते कोटासकट पलंगाखाली शिरले आणि बाहेर यायला तयार होईनात. डेल्फीन तेव्हा एकोणीस वर्षांची, बाहेर जायला निघालेली, केस बांधून झालेले. ती गेलीच नाही. तिने बटणं उसवली, जुनी काजं शिवून बुजवली, नवी कापली, आणि सकाळी कोट पुरुषाचा झाला. कुणासाठी केस बांधले होते, हे तिने कधी सांगितलं नाही आणि लग्नही कधी केलं नाही.

फोटोतल्या सगळ्या पुरुषांची बटणं त्यांच्या डाव्या अंगाला होती, बायकांच्या बाजूला.

मार्विन तिथेच उभे राहिले. त्यांच्या डोक्यात पहिलं आलं ते काँक्रीट. मग नकाशे, टी-शर्ट, दिलेली भाषणं. मग शाळेच्या टोप्या आणि पोलिसांच्या गाड्या. कॅलेंडराएवढ्या फोटोत हे कुणाला दिसलं नव्हतं, शनिवारी उद्घाटनाला येणाऱ्यांना कदाचित दिसणारही नाही. आजकालची पोरं कुठे बटणं बघतात, सगळ्यांना चेन. एवढा एक आठवडा गप्प बसलं, की काँक्रीट वाळेल. मागे जोआन आत्याला समजावत होती, की खोलीतून नदी दिसते, जेवण वेळेवर मिळतं, आणि सोबत आपली माणसं आहेत. आत्या हो हो म्हणत होती. तो हो हो मार्विनना सहन होईना.

"फोटो उलटा आहे," ते म्हणाले.

कुणाला कळलं नाही. ब्रिजेटला वाटलं खाली वर म्हणतायत. मार्विननी तिला हाताला धरून फोटोजवळ नेलं आणि बटणं दाखवली. मग जोआनला दाखवली. जोआनने आधी हसण्यावारी नेलं. म्हणाली, मथायस काका बायकोचा कोट घालून आले असतील, थंडी काय कमी असते का.

"एक माणूस बायकोचा कोट घालील," मार्विन म्हणाले. "अख्खा कारखाना घालील का? बटणांचा कारखाना?"

मग जो गोंधळ झाला तो आमच्या घराण्यात पुढे कित्येक वर्षं सांगितला गेला. जोआन म्हणाली, काकांच्या काळात वेगळी पद्धत असेल. मार्विन म्हणाले, मी मनोऱ्याच्या समितीचा अध्यक्ष आहे, मला उलटं असायला नको आहे, तू का भांडतेयस. जोआन म्हणाली, मी भांडत नाही, मी फक्त विचारतेय. खरं म्हणजे तिला कळत नव्हतं की आपल्याला काय हवंय. आत्या बरोबर निघाली तर तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तिला भीतीच वाटत होती. मग शेगडी? मग शनिवारचं चर्च? आत्याचं डोकं ठीक असेल तर आपण गेलं वर्षभर काय केलं?

ब्रिजेट गाडीकडे गेली आणि पुठ्ठ्यांच्या मधून तिचा बर्फावरचा फोटो घेऊन आली. खिशातला फोन काढून तिने पणजोबांचा फोटो त्यात आरशातल्यासारखा आडवा उलटवला आणि दोन्ही शेजारी धरले. डोंगरकड्याची खोगीरासारखी खाच दोन्हींत एकाच जागी होती.

"मी तीन रविवार मरत होते बर्फावर," ती म्हणाली. तिचा आवाज चिडका होता आणि डोळे भरले होते. "मला वाटलं मलाच येत नाही."

पण असं का केलं असेल निक थीलन यांनी? मार्विन म्हणाले, बॅंकेने कॅलेंडर मागितलं, महिने छापायला डावी बाजू मोकळी हवी असेल, म्हणून काच पालथी घातली. जोआन म्हणाली, बॅंक वरच्या अंगाला आहे, बॅंकवाल्याला मनोरा आपल्या दाराशी हवा असेल. ब्रिजेट म्हणाली, चूकही असेल, अंधारात काचेच्या दोन्ही बाजू सारख्याच लागतात. खरं काय ते काचेबरोबर टोमॅटोखाली गेलं. आणि कारखान्याच्या भिंतीवरचं मालकाचं नाव? ते फोटोत कधीच नव्हतं. त्या जागी एक पांढरट पट्टा होता, ज्याला आम्ही सगळे बर्फ समजत होतो. ज्याने उलटं केलं त्याने अक्षरं उलटी दिसू नयेत म्हणून काचेवर रंग लावून झाकली होती, आणि ते काम त्या घरात डेल्फीनची आई करायची.

या सगळ्यात डेल्फीनला ती बरोबर असल्याचं कुणी अजून सांगितलंच नव्हतं. ती एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी.

मार्विननी खिशातून फोन काढला. "काँक्रीटवाल्याला सांगायला पाहिजे. उद्या सातला येतोय तो."

"सातला?" डेल्फीन म्हणाली. "सातला उजेड कुठे असतो? बाळं दहानंतर."

मार्विननी सवयीने मान हलवली आणि नंबर शोधू लागले. ब्रिजेट मात्र वळली. उजेड हा शब्द तिच्या धंद्यातला होता.

"डेल आजी, उजेडाचा काय संबंध? ते तर बाळांच्या पोटाचं आहे ना?"

"पोटाचं कुणी सांगितलं तुला? उजेडाचं आहे." डेल्फीनला हे इतकं साधं वाटत होतं, की ती जरा रागावलीच. "कारखान्याची सावली आठपर्यंत सरायची. मनोऱ्याची दहापर्यंत पडलेली असायची, सरळ आमच्या काचेवर. पप्पा म्हणायचे, सावलीत फोटोला वेळ लागतो, मोठी माणसं न हलता थांबतात, बाळं थांबत नाहीत. मी पायरीवर बसायचे. सावली पायरी सोडून रस्त्यावर गेली, की मी आत ओरडून सांगायचे, आणा बाळ."

ब्रिजेटने खिडकीतून बाहेर बघितलं. स्टुडिओ समोर रस्त्यापलीकडेच होता, कारखान्याच्या खालच्या टोकासमोर. आमच्याकडे सूर्य पलीकडच्या काठावरच्या इलिनॉय राज्यातून उगवतो, नदीवरून येतो, आणि त्याच्या नि स्टुडिओच्या मध्ये हेच टोक असतं. मनोरा वरच्या अंगाला असता तर त्याची सावली बॅंकेवर पडली असती. बॅंकेला बाळांचं काय?

मनोरा पडल्यावर पाटी पुसायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सावली गेली आणि नियम राहिला. मार्विन त्याच्याखाली वाढले, जोआन वाढली, ब्रिजेटसुद्धा. पाऊणशे वर्षं घरातलं प्रत्येक माणूस मनोऱ्याची जागा तोंडाने सांगत होतं आणि कुणाला ऐकू येत नव्हतं.

मार्विन फोन तसाच हातात धरून बहिणीच्या खुर्चीपाशी गेले. गुडघे दुखत असतानाही खाली वाकले.

"डेल, तुझं बरोबर आहे. मनोरा खालच्याच अंगाला होता. मी चुकलो."

"म्हणजे माझं डोकं..."

"तुझं डोकं ठीक आहे. आमचीच उलटी होती."

डेल्फीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली. एवढ्या वर्षांत तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं, आईच्या अंत्यविधीलासुद्धा नाही. थोड्या वेळाने तिने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि हॅम गार होतोय असं सांगितलं.

काँक्रीटवाल्याने फोनवर विचारलं, उद्या नाही तर मग कधी? मार्विन म्हणाले, दहानंतर बघू. त्याला काही समजलं नाही. ब्रिजेट शिडीवर चढून भिंतीवरचा मोठा फोटो काढायला लागली, मग थांबली, आणि शेजारी आपला बर्फावरचा फोटो लावायचं तिने ठरवलं. गावाला बघू दे दोन्ही, म्हणाली. गाव काय म्हणेल याची कल्पना करून मार्विननी डोळे मिटले आणि पाईचा दुसरा तुकडा घेतला.

*

जेवण झाल्यावर जोआन आत्याला घेऊन निघाली. गाडी काढण्यात अर्थ नव्हता, रस्ता ओलांडायचा होता. ऊन छान होतं. आत्या तिच्या दंडाला धरून चालत होती आणि सांगत होती, मनोरा किती उंच होता, भोंगा झाला की कुत्री कशी ओरडायची, वादळाच्या रात्री वीट न वीट कशी रस्त्यात पडली होती. एकेक तपशील लख्ख होता. जोआनला लाज वाटत होती. मंगळवारची वाट कशाला बघायची, आश्रमाला आजच कळवून टाकू, असं ती मनाशी म्हणत होती. जिन्याला दुसरा कठडा लावता येईल. शेगडी बदलून विजेची घेता येईल, आपोआप बंद होणारी. लोक करतात.

"मी तुला फार त्रास दिला, आत्या," ती म्हणाली.

"तुझी काय चूक? सगळ्यांच्या घरात तो फोटो होता." आत्याने तिचा दंड थोपटला. "मला स्वतःलाच खरं वाटेनासं झालं होतं. रात्री उठून मी खिडकीतून बघायचे, बाई, टोक कुठलं, टोक कुठलं."

स्टुडिओच्या दारापाशी दोघी थांबल्या. दाराच्या काचेवर निक थीलन यांच्या नावाची सोनेरी अक्षरं अजून अर्धीमुर्धी होती. आत्याने पर्समधून किल्ली काढली. अठ्ठ्याऐंशी वर्षं ती या दारातून ये-जा करत होती. तिने हात पुढे केला, तो दाराच्या डाव्या अंगाला गेला, बिजागरीच्या बाजूला. तिथे सपाट लाकूड होतं. तिने ते चाचपलं. थोडं वर, थोडं खाली. मूठ सापडेना, कुलूप सापडेना.

जोआनला वाटलं, आत्ता हात उजवीकडे जाईल. ती मनात म्हणत राहिली, उजवीकडे, आत्या, उजवीकडे.

आत्या लाकडावर हात ठेवून थांबली. मग वळली. चेहऱ्यावर भीती नव्हती. जरा वेळापूर्वीच बरोबर ठरलेल्या माणसाचा विश्वास होता, आणि थोडी तक्रार.

"जोआन," ती म्हणाली, "हेसुद्धा कुणीतरी उलटं छापलंय."

"हो, आत्या," जोआन म्हणाली, आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन तो उजवीकडे नेऊन मुठीवर ठेवला.